ऑरा येतो त्यांनी आधीच करून ठेवायची तयारी

फीट येण्याआधी काहीजणांना जी चाहूल लागते, तिला डॉक्टर ऑरा म्हणतात. खरं तर तेव्हा मेंदूच्या एका भागात झटका सुरू झालेलाच असतो, फक्त माणूस शुद्धीवर असतो. कधी तो तिथेच विरतो, कधी पसरतो. हाताशी काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं. तेवढ्यात डोकं चालत नाही, म्हणून सगळं आधी ठरलेलं हवं.

सुरुवात वहीपासून करा. "चक्कर आली" एवढं लिहून भागत नाही. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं झालं का, हे पूर्वी घडलंय असं वाटलं का, विनाकारण भीती दाटली का? असं असेल तर डॉक्टरांचं लक्ष टेम्पोरल लोबकडे, म्हणजे कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागाकडे जातं. चमकते रंगीत ठिपके दिसत असतील तर मेंदूच्या मागच्या भागाकडे. आपल्याकडे पोटातली खळबळ हमखास पित्तावर ढकलतात आणि सोडा पिऊन मोकळे होतात. पण दर वेळी अगदी तस्संच, तेवढाच वेळ होत असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगाच. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही. वेळ, आदल्या रात्रीची झोप, चुकलेली गोळी, बायकांनी पाळीची तारीखही लिहावी.

मग जागा बघा. ओळखीतल्या एका यंत्रमाग कामगाराला ऑरात जळक्या रबराचा वास येतो. पंचाईत अशी, की शेडमध्ये पट्टा घासला तरी तसाच वास सुटतो, आणि मागांच्या खडखडाटात हाक कुणाला ऐकू जाणार? त्याने शेजारच्या मागवाल्याशी खूण ठरवलीय: नाकाला बोट लावून भुवया उडवायच्या. शेजाऱ्याने मान हलवली, की वास खरा. नाही म्हटलं, की मागापासून लांब, टॉवेलच्या गठ्ठ्यांपाशी जमिनीवर आडवं व्हायचं. फिटचा त्रास असलेल्याला चालत्या मागावर ठेवावं का, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

घरी भाकरी थापताना जाणवलं तर चुलीपासून मागे सरून खाली बसा, तव्यावरची जळू द्या. न्हाणीघराची कडी आतून लावू नका. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची सवय असेल तर यंदा अंथरूण खालीच. गाडी चालवणं बंद. ऑरा आला की बाजूला घेऊ, हा भरवसा खोटा आहे, कारण तो दर वेळी येईलच असं नाही.

झोपेचं सोलापुरात वेगळंच गाऱ्हाणं. पाणी कधी अपरात्री येतं आणि अख्खं घर जागं होतं. ज्याला फीट येते त्याला पाणी भरायच्या पाळीतून सरळ वगळा. जागरणाने झटक्याला निमित्त मिळतं. गड्ड्याच्या यात्रेत फिरायला हरकत नाही, पण गोळीची वेळ चुकवू नका आणि सोबत कुणीतरी असू द्या. ऑरा आला म्हणून मनानेच जादा गोळी घेऊ नका. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला असेल तर तो कधी, किती मारायचा हे घरातल्या दोघांना तरी पाठ हवं.

सोबत्यांना शिकवायचं थोडंच आहे: घड्याळ बघा, डोक्याखाली चादरीची घडी, झटका ओसरला की कुशीवर वळवा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, हातपाय दाबून धरणं नाही; कांदा आणि चप्पल तर नाहीच नाही. 5 मिनिटांवर गेलं, शुद्ध न येता पुन्हा झटका आला, किंवा आयुष्यातला पहिलाच असला, तर 108 लावा.

गावाला जाताना गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला खालचाच बर्थ मागा.