जेलीसाठी पेरू पाडाचाच घ्या

मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेला, पेरू हिवाळ्यात उतरतो. आवक वाढली की भाव पडतो आणि प्रतवारीत बाजूला काढलेला माल गाडीभाडंही सोडवत नाही. त्याची जेली करायचं बऱ्याच घरांत, बचत गटांत ठरतं. पण पातेल्यात जातो तो पेरू कुठला? कुणी घेतला नाही म्हणून क्रेटमध्ये पडून मऊ झालेला. मग बरणीत दोन दिवसांनीही पाकच डुचमळतो आणि दोष साखरेला दिला जातो.

जेली जमवतं ते फळातलं पेक्टिन. कच्च्या फळात ते पेशींच्या भिंतींत घट्ट अडकलेलं असतं. फळ पाडाला आलं की ते पाण्यात उतरू लागतं, आणि फळ फार पिकलं की फळातलीच विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात. पेरू मऊ पडतो तो त्यामुळेच. म्हणून दोन वाटे नुकता पिकलेला आणि एक वाटा अर्धकच्चा पेरू घ्या. डागाळलेला, वेडावाकडा चालेल. किडका भाग मात्र कापून टाका. सरदार, म्हणजे लखनौ-४९, या कामाला उत्तम. नाव लखनौचं असलं तरी ही निवड पुण्याच्या गणेशखिंडीतली!

साल-बियांसकट फोडी करा. किलोला दीड लिटर पाणी घालून अर्धा तास मंद शिजवा. कापडातून रस आपोआप गळू द्या. पिळलात तर जेली गढूळ होते.

आता साखर घालण्याआधीची परीक्षा, जी सहसा कुणी करत नाही. चमचाभर गार रसात तेवढंच स्पिरिट काचेच्या भांड्यात हळू ओता, भांडं जरा फिरवा, मिनिटभर थांबा. एकच घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, लिटरला किलोभर साखर चालेल. दोन-तीन सैल गोळे झाले तर पाऊण किलो. नुसत्या बारीक गाठी दिसल्या तर रस आटवा किंवा कच्च्या पेरूचा रस मिसळा. परीक्षेचा रस फेकून द्या, चाखू नका. स्पिरिट विषारी असतं.

पेरूत आंबटपणा बेताचाच असतो, आणि आंबटाशिवाय पेक्टिन धरत नाही. लिटरभर रसाला दोन लिंबांचा रस किंवा ३ ते ४ ग्रॅम सायट्रिक आम्ल पुरे. हात सैल सुटला तर जमलेल्या जेलीला पाणी सुटतं.

साखर विरघळल्यावर मोठ्या आचेवर भरभर उकळा. मंद आचेवर तासभर रटाळ शिजवण्यात पेक्टिन मरतं, म्हणून एका वेळी थोडाच रस घ्या. पळीवरून पडताना धार न होता थेंब एकमेकांना चिकटून पत्र्यासारखे सुटले की गॅस बंद. तापमापी वापरणाऱ्यांनी १०५ अंश हा आकडा डोळे झाकून धरू नये. तो समुद्रसपाटीचा. महाबळेश्वरला पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं. तिथे १०५ची वाट पाहाल तर जेलीची चिक्की होईल. आधी साध्या उकळत्या पाण्याचं तापमान बघा आणि त्यात ५ अंश मिळवा.

महाबळेश्वर-पाचगणीचा विषय निघालाच आहे, तर स्ट्रॉबेरीबद्दल. या फळात पेक्टिन कमी, त्यामुळे घरचा जॅम पातळ राहतो. लोक साखर वाढवत जातात. त्यापेक्षा चार वाटे स्ट्रॉबेरीला एक वाटा पेरूचा रस आणि लिंबू घाला. रंग टिकतो, पेरूचा वासही फारसा जाणवत नाही. विदर्भात संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा भाग उकळून हेच काम होतं. कारखान्यांतलं पेक्टिनही बहुतेक लिंबूवर्गीय साली आणि सफरचंदाच्या चोथ्यातूनच काढतात. करवंद आणि कवठाला बाहेरून काही लागत नाही.

बरण्या उकळून कोरड्या करा, जेली गरम असतानाच भरा आणि रात्रभर हलवू नका. सकाळीही पातळ असेल तर लिंबू घालून एकदाच उकळी द्या. तरीही जमली नाही तर पुन्हा पुन्हा आटवत बसू नका. ती सरबतासाठी ठेवा.