थर्ड डाउन अडवलं आणि बूट भिरकावला: पेनल्टीच्या या चुका टाळा

12 डिसेंबर 2020, गेन्सव्हिल. अमेरिकन फुटबॉलचा सामना, फ्लोरिडा आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) या विद्यापीठांच्या संघांमधला. मैदानावर दाट धुकं, गुण 34-34, सामना संपत आलेला. 10 यार्ड पुढे सरकायला संघाला चार प्रयत्न, म्हणजे चार डाउन मिळतात; फ्लोरिडाने एलएसयूला तिसऱ्यावर, थर्ड डाउनवर अडवलं. आता चौथ्या प्रयत्नात एलएसयू चेंडू लांब मारून परत देणार, हे जवळपास ठरलेलं. पण टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेतलेल्याला पाडताना, समोरच्या खेळाडूचा निघालेला बूट फ्लोरिडाच्या मार्को विल्सनच्या हाती लागला आणि जोशात त्याने तो लांब भिरकावला. पंचांचा पिवळा रुमाल पडला, म्हणजे पेनल्टी. एलएसयूला 15 यार्ड आणि फर्स्ट डाउन, म्हणजे पुन्हा नवे चार प्रयत्न. 23 सेकंद उरले असताना एलएसयूच्या केड यॉर्कने 57 यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून किक, 3 गुण) मारला आणि फ्लोरिडा 37-34 अशी हरली.

सामना संपल्यावर 'आपले किती यार्ड गेले' एवढंच मोजायची सवय अनेक संघांना असते. ती मोडा. पेनल्टी कोणत्या डाउनवर आणि कशानंतर झाली, ते लिहून ठेवा. पहिल्या डाउनवरचा 5 यार्डांचा फॉल्स स्टार्ट (चेंडू सुटण्याआधीच हलणं) भरून काढता येतो. थर्ड डाउनला दोन यार्ड हवे असताना तोच झाला, तर सात यार्ड हवेत. मग पळण्याचा डाव जवळजवळ बाद आणि बचाव फळीला पास येणार हे कळलेलं.

परक्या मैदानावर फॉल्स स्टार्टचा धोका वाढतो. प्रेक्षकांच्या गोंगाटात क्वार्टरबॅकचा (डाव चालवणाऱ्या खेळाडूचा) आवाज पोचत नाही आणि लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) अंदाजाने हलतो. आठवडाभर शांत मैदानावर सराव करून असा सामना खेळायला जाऊ नका. सरावात मोठे स्पीकर लावा, खुणेवर चेंडू सोडायची सवय करा. शेजारचा लाइनमन, म्हणजे गार्ड, सेंटरला (चेंडू मागे सोडणाऱ्याला) हाताने थोपटतो, मग ठरलेल्या अंतराने चेंडू सुटतो; ही लय अंगात भिनायला दिवस लागतात.

होल्डिंगचे (प्रतिस्पर्ध्याला पकडून ठेवल्याचे) 10 यार्ड जातात तेव्हा प्रशिक्षक हातांवर ओरडतात. माझ्या मते आधी पाय बघावेत. लाइनमनचे पाय थांबले की समोरचा बाजूने निसटू लागतो आणि मग जर्सी पकडली जाते. व्हिडिओ मागे नेऊन पाय कुठे थांबले ते दाखवा, खेळाडूला लगेच पटतं.

डोकं खाली घालून टॅकल करणं तर अजिबात खपवून घेऊ नका. अशी डोक्याने दिलेली धडक टार्गेटिंग ठरली तर 15 यार्ड जातात, खेळाडू सामन्याबाहेर जातो. शिवाय मानेच्या दुखापतीचा धोका आहेच, आणि ही मुलं विशीतली आहेत. हनुवटी वर, नजर समोर, हे रोज घोकून घ्या.

राहिला आनंदाचा क्षण. सगळ्यात महाग चुका तिथेच होतात. 2019 च्या एग बोलमध्ये (ओल मिस विरुद्ध मिसिसिपी स्टेट सामन्यात) ओल मिसच्या एलायजा मूरने चार सेकंद उरले असताना टचडाउन (6 गुण) केला, कुत्र्यासारखी तंगडी वर करायची नक्कल केली आणि 15 यार्डांचा दंड ओढवून घेतला. टचडाउननंतरची एका गुणाची, बरोबरी साधणारी किक लांबून मारावी लागली, ती चुकली. मिसिसिपी स्टेट 21-20 ने जिंकली.

'डोकं शांत ठेवा' एवढं सांगून भागत नाही, हात-पायांना काम द्यावं लागतं. सरावात प्रत्येक टचडाउननंतर चेंडू पंचाच्या हातात द्यायचा आणि आपल्या खेळाडूंकडे धावायचं. थर्ड डाउन अडवलं की एकाने शेजाऱ्याचा खांदा धरून त्याला बाजूच्या रेषेकडे वळवायचं. कोणी कोणाला धरायचं, हे सामन्याआधी नावानिशी ठरवून ठेवा.