राजीनाम्याआधी रजेचा हिशेब

साहेब ऐकूनच घेत नाहीत, नोकरी सोडायचं पक्कं झालंय? मग राजीनाम्याचा मेल जरा थांबवा. शिल्लक अर्जित रजा (काम करून साठत जाणारी, म्हणजे अर्न्ड लीव्ह) किती, ते कंपनीच्या पोर्टलवर बघा आणि त्या पानाचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. एकदा लॉगिन बंद झालं की पुरावा तिथंच अडकतो. बऱ्याच ठिकाणी नोटीस काळात रजा मिळत नाही, किंवा जितकी घ्याल तितकी नोटीस लांबते. म्हणून रजा आधी, राजीनामा नंतर. मंजुरी लेखीच घ्या. ‘जा रे, बघू’ यावर विसंबू नका. उरलेल्या रजेचे पैसे मूळ पगारावर मिळतात की पूर्ण पगारावर, हे नियमपत्रकात शोधा. विचारायला गेलात की बातमी फुटलीच! किरकोळ रजेचे (कॅज्युअल लीव्हचे) सहसा पैसे मिळत नाहीत, ती आधी संपवा.