दुसऱ्याच्या दामावर गाताना

आमच्या गावच्या देवळात सणासुदीला सनई-चौघडा बसायचा. दोन सनया. एक जण वाजवायचा आणि दुसरा नुसता सूर धरून बसायचा. लोक वाजवणाऱ्याचं कौतुक करत आणि सूर धरणाऱ्याला सुपारी-नारळ देऊन मोकळे होत. पुढे मी ख्याल शिकले, स्वतःच्या चाली बांधायला लागले, वेगवेगळ्या देशांतल्या वादकांबरोबर काम करू लागले, तरी त्या दुसऱ्या सनईवाल्याचा विचार कधी मनात आला नव्हता. तो आला आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमधल्या एका छोट्या स्टुडिओत, दोन दुदुकवादक माझ्यासमोर बसले तेव्हा. दुदुक हे तिकडचं, सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य.

अशा कामाकडे वळू पाहणाऱ्या गायक-संगीतकारांसाठी हे लिहिते आहे. ‘फ्यूजन’ या शब्दाखाली आपल्याकडे बरंच काही खपतं. बाहेरच्या वाद्याचा रंग वरून चोपडला की झालं, असं मीही सुरुवातीला समजत होते. आर्मेनियन मंडळींनी माझी ती समजूत पार बदलली.

आधी वाद्य. दुदुक जर्दाळूच्या लाकडाचा असतो, म्हणून त्याचं जुनं नाव ‘त्सिरानापोघ’, म्हणजे जर्दाळूची नळी. युनेस्कोने 2005 मध्ये दुदुक आणि त्याच्या संगीताला मानवजातीचा वारसा म्हणून गौरवलं. वरच्या टोकाला बोरूची रुंद, चपटी जिव्हाळी, म्हणजे फुंकायची पट्टी असते, तिला ‘घामिश’ म्हणतात. सनईची जिव्हाळी तिच्यापुढे अगदीच चिमुकली. जिव्हाळी मोठी म्हणून आवाज असा रुंद, माणसाच्या गळ्याजवळचा. जिवान गास्पार्यान (1928–2021) यांनी तो जगभर पोचवला. त्यांचं ऐकून अनेकांना दुदुकाचं वेड लागलं, मलाही. पण सिनेमातून कानावर पडणारा दुदुक बहुधा कुणीतरी आठवण काढून रडतंय असाच असतो. लग्नातला, नाचातला, शेतावरचा दुदुक ऐकल्याशिवाय कोणत्याही वादकाला फोन करू नका. गेव्हॉर्ग दाबाग्यान ऐका, चर्चमधल्या स्तोत्रांसाठी लुसिने झाकार्यान ऐका. रोज अर्धा तास, दोन महिने. रियाजाइतकंच मनापासून.

आता तो दुसरा वादक. परंपरेने दुदुक जोडीने वाजतो. एक सुरावट वाजवतो, दुसरा एकच सूर अखंड धरून ठेवतो. त्या सुराला ‘दाम’ म्हणतात आणि धरणाऱ्याला ‘दामकाश’. मूळ शब्द फारसी, आपल्या मराठीत ‘दम’ म्हणून राहिलेला तोच. दम धर, दम लागला, दमाने घे. दामकाश गाल फुगवून तोंडात हवा साठवतो आणि ती गालांनी बाहेर ढकलत असतानाच नाकाने श्वास घेतो, म्हणजे सूर तुटत नाही. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. दहा मिनिटं त्यांच्या सुरात खाच पडली नाही. फक्त नाकपुड्या मधूनच किंचित हलायच्या.

तानपुऱ्यावर वाढलेल्या माणसाला वाटतं, हे तर आपलंच. मलाही वाटलं आणि तिथेच मी फसले. आपला षड्ज मैफलभर हलत नाही. दाम हलतो. सुरावटीचा मुक्काम दुसऱ्या स्वरावर गेला की दामकाश मुख्य वादकाकडे एक नजर टाकतो आणि त्या स्वरावर सरकतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी गात होते पंचम, आणि पायाखालचा षड्जच सरकल्यामुळे तो पंचम राहिलाच नाही. मी थांबले. ज्येष्ठ वादकांनी, ज्यांना सगळे ‘वारपेत’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे गुरुजी किंवा उस्ताद, त्यांनी दुदुक मांडीवर ठेवला आणि सांगितलं, आज तू गाऊ नकोस, फक्त दाम गा. तो पूर्ण दिवस मी दामकाशाशेजारी बसून ‘आ’कारात एकच सूर धरला, ते सरकतील तशी सरकत गेले. नव्या माणसाला माझा पहिला सल्ला हाच आहे. मुख्य वादकाशी बोलणी करायच्या आधी दामकाशाजवळ बसा. सुरावट कुठे विसावते, कुठे निघते हे त्याच्या श्वासातून कळतं. पुस्तकातून कळायला मला वर्ष लागलं असतं.

पुस्तकातूनही एक गोष्ट मात्र समजून घ्या, कारण ती कळल्यावर कान एकदम उघडतो. आपण सप्तक गोल मानतो, म्हणजे खालचा निषाद शुद्ध तर वरचाही शुद्ध. आर्मेनियन लोकसंगीताची बांधणी चार-चार स्वरांच्या तुकड्यांची, आणि एका तुकड्याचा शेवटचा स्वर हाच पुढच्याचा पहिला. सा रे ग म, मग म पासून तशीच पुढची साखळी. गाऊन बघा. मंद्रात निषाद शुद्ध येतो, मध्य सप्तकात तोच कोमल होतो आणि तारेत गेलात तर गांधारही कोमल. मी सुरुवातीला याला दोन निषादांचा खमाज समजून गात होते. चुकलं असं कुणी म्हणालं नाही, पण वारपेतांच्या कपाळावर आठी यायची. साखळी लक्षात आल्यावर आठी गेली.

हे संगीत गावोगाव फिरून टिपून ठेवणारे कोमितास (1869–1935) यांच्याविषयी वाचल्याशिवाय तिकडे जाऊ नका. ते धर्मगुरू होते, बर्लिनला शिकले आणि परत येऊन शेतकऱ्यांची गाणी लिहून घेतली. 24 एप्रिल 1915 ला ऑटोमन तुर्की राजवटीने इस्तंबूलमध्ये नामवंत आर्मेनियन लोकांची धरपकड केली, आर्मेनियन वंशसंहाराची ती सुरुवात. धरलेल्यांत तेही होते. जीव वाचला, पण मन सावरलं नाही, आणि अखेर पॅरिसमध्ये वारले. येरेवानचं संगीत महाविद्यालय त्यांच्याच नावाचं आहे, त्यांच्या नावे संग्रहालयही आहे. 24 एप्रिलला सगळा देश त्या वंशसंहारातल्या मृतांचं स्मरण करतो. तुमच्या चालीला ‘थोडा दुःखी दुदुक’ हवा म्हणून मागताना हे माहीत असायला हवं. त्यांच्या दुःखाला नावं आहेत, गावं आहेत.

कोमितासांनी ज्या गाण्यांचा बारकाईने अभ्यास केला त्यात लोरी भागातलं नांगरणीचं गाणं आहे, ‘होरोवेल’. बैलांना हाका, सोबत्याला हाका, मध्येच लांब ओढलेला सूर. ते ऐकलं आणि मला आमच्याकडची भलरी आठवली, आजीची जात्यावरची ओवी आठवली. पुण्यात गी पॉतवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत, त्यामुळे शोधाशोध करायला आपल्याकडे खजिना आहे. मी मात्र आजीच्याच ओवीची चाल घेतली. भावना होतीच, पण एक व्यावहारिक कारणही होतं. दुदुकाचा पल्ला जेमतेम सप्तक आणि वर दोन-तीन स्वर इतकाच. आपण अडीच सप्तकांत ताना फिरवायला शिकलेलो असतो. त्या दुदुकाबरोबर घेतल्या तर वाद्य मागे राहतं आणि तुम्ही एकट्याच धावत सुटता. ओवी चार-पाच स्वरांत फिरते, दुदुकाला तिच्यात घरच्यासारखं वाटतं. बंदिश निवडताना आधी वाद्याचा पल्ला कागदावर लिहा.

आता पट्टी, म्हणजे ज्या सुराला ‘सा’ मानून आपण गातो तो. माझी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी. वारपेतांचा मुरलेला, हाताला बसलेला दुदुक होता पांढरी सहाचा. वादकांकडे वेगवेगळ्या पट्ट्यांचे दुदुक असतात, पण ज्याची जिव्हाळी सगळ्यात जमलेली असते तो वेगळाच बोलतो. मी अर्धा स्वर वर गेले. ओवी असल्यामुळे जमलं, ख्याल असता तर तार सप्तकात गळ्याची ओढाताण झाली असती. तुम्ही जाणार असाल तर महिनाभर आधीपासून त्या पट्टीत रियाज करा. आणि घरून पाठवायच्या नमुन्यात तानपुरा 440 हर्ट्झच्या प्रमाण मापाला पक्का लावा. माझा पहिला नमुना इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर होता, त्याचं बारीक सुराचं बटण केव्हातरी फिरलं होतं आणि सगळं गाणं केसभर चढं गेलं. दुदुक ओठाच्या दाबाने आणि जिव्हाळीवरच्या कड्याने थोडाफार वर-खाली होतो, पण अख्खं गाणं तसं ताणून वाजवायला लावणं हा वादकावर अन्याय आहे. मी माझा गळा पुन्हा रेकॉर्ड केला.

स्टुडिओत वेळ धरताना जिव्हाळीचा वेळ धरा. ती कोरडी असताना तोंड मिटलेलं असतं. वारपेत आत पाण्याचे दोन-चार थेंब टाकत, बोटाने भोक बंद करून हलवत, पाणी झटकत आणि जिव्हाळी उभी ठेवून देत. मग ती हळूहळू उघडते. फार उघडली तर आवाज फाटतो, कमी उघडली तर बसतो. ती दहा-पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघू नका. आम्ही तेवढ्यात सुर्च, म्हणजे त्यांची दाट कॉफी, आणि सुकवलेले जर्दाळू खात बसायचो. अर्धं गाणं मला त्या वेळात सुचलं.

तालाची गंमत वेगळी आणि ती मला फार आवडते. आर्मेनियन मंडळींकडे ‘जुर्जुना’ नावाची दहा मात्रांची चाल आहे. दहा म्हणजे झपताल, असं म्हणून माझ्या तबलजींनी पुण्याहून ठेका पाठवला. तिकडचा ढोल (नाव तेच, पण आडवा धरून बोटांनी वाजवतात) त्यावर बसेना. दोघेही सम बरोबर गाठत होते, तरी मध्ये काहीतरी अडखळायचं. शेवटी वहीत मांडलं. झपताल दोन-तीन-दोन-तीन, जुर्जुना तीन-दोन-दोन-तीन. म्हणजे पहिली, सहावी, आठवी मात्रा दोघांची एकच. फरक फक्त एका ठिकाणी, आपला ठोका तिसऱ्यावर आणि त्यांचा चौथ्यावर. तबलजींना फोन केला. त्यांनी पहिला अर्धा भाग उलटवला: धी धी ना, धी ना, ती ना, धी धी ना. लगेच बसलं. ताल जमत नाही असं वाटलं की मात्रा मोजून थांबू नका, ठोके कुठे पडतात ते मांडा.

भाषेबद्दल मराठी माणसाने निर्धास्त असावं. आपल्याकडे दोन च आणि दोन ज आहेत, ही इथे मोठी शिदोरी. ‘जान’ (लाडाने नावानंतर लावतात) यातला ज ‘जीव’मधला, आणि ‘ज़ायन’ म्हणजे आवाज, त्यातला ज ‘जाळं’मधला. हिंदी भाषकाला हे शिकावं लागतं, आपण बाळपणापासून बोलतो. फक्त ‘त्सिरान’सारख्या शब्दात ‘चाक’मधला च इकाराबरोबर येतो, तशी सवय आपल्या जिभेला नाही. तेवढा रियाज करा. क-ख-ग, प-फ-ब हे भेदही त्यांच्याकडे आहेत. येरेवानमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी भारतातून गेलेली बरीच मुलं आहेत. त्यातल्या दोन मराठी मुलींनी आमच्या पहिल्या बैठकींना दुभाष्याचं काम केलं. जुन्या पिढीतल्या वादकांना रशियन येतं, इंग्रजी येईलच असं नाही.

लिहून देण्याची सवय लावून घ्या. तिथले बहुतेक वादक महाविद्यालयात पाच रेघांचं स्वरलेखन शिकलेले असतात, आपली भातखंडे पद्धत त्यांना कळत नाही. मी मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर ते लिहायला सहा आठवड्यांत शिकले. मींड, आंदोलन कागदावर येत नाहीत, ती गाऊन पाठवा. दूर बसून काम करताना आपल्यात आणि त्यांच्यात फक्त दीड तासाचं अंतर आहे, त्यामुळे आपल्या दुपारी चार वाजता तिकडे अडीच, दोघेही ताजे असतात. फाइल्स 24 बिट, 48 किलोहर्ट्झ वेव्हमध्ये आणि सगळ्या गाण्याच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या पाठवा, म्हणजे जुळवताना शोधत बसावं लागत नाही.

येरेवानपासून चाळीसेक किलोमीटरवर गेघार्दचा मठ आहे. 13व्या शतकात डोंगर पोखरून केलेली त्याची दालनं बघून कार्ल्याची आठवण होते. तिथे गायक मंडळी स्तोत्रं गातात. तिथल्या माणसाला विचारून मीही एक आलाप घेतला. द्रुत काही घ्यायची सोयच नाही, आधीचा स्वर अजून भिंतीत असतो आणि पुढचा त्यावर चढतो. मी षड्ज लावला, थांबले, आणि माझाच षड्ज दाम होऊन परत आला. त्यावर गंधार ठेवला. आमच्या गाण्याची लय त्या दिवशी निम्म्याने उतरली आणि तशीच राहिली.

उरलं पैशाचं आणि हक्काचं. हे रेकॉर्डिंगच्या आधी बोला, लाजू नका. वादकाचं मानधन त्याच दिवशी द्या. चाल कुणाची, शब्द कुणाचे, वादकाने स्वतः रचलेली सुरावट असेल तर तिचा वाटा किती, हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. भारतात संगीतकार आणि गीतकारांसाठी आयपीआरएस ही त्यांच्या हक्कांचं मानधन गोळा करणारी संस्था आहे, तिथे सभासद व्हा आणि रचना नोंदवा. पारंपरिक चाल कुणाच्या मालकीची नसते, पण तिची कुणी केलेली नवी मांडणी त्याची असते, तेव्हा ‘लोकगीत आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. मुखपृष्ठासाठी मजकूर मागवला गेला तेव्हा तयार करणाऱ्याने दामकाशाचं नाव गाळलं होतं, ‘ते तर एकच सूर वाजवतात’ म्हणून. मी फोन करून ते घालून घेतलं, माझ्या नावाच्या लगेच खाली.

आता दुसरं गाणं सुरू आहे. या वेळी गावाकडच्या एका सनईवाल्यांना घेऊन जाते आहे, तेच सूर धरणार आहेत. त्यांची सनई पांढरी चारची आहे आणि वारपेत त्या पट्टीच्या दुदुकासाठी नवी जिव्हाळी मुरवत बसले आहेत.