स्पॅनिश संभाषणाचा तास आणि तंत्रज्ञान: या चुका टाळा

संभाषण म्हणजे समोरच्याने काय उत्तर दिलं त्यावर आपलं पुढचं वाक्य ठरणं. कॉलेजातल्या मुलांना स्पॅनिश बोलायला शिकवताना ऑनलाइन तास, रेकॉर्डिंग, चॅटबॉट असं बरंच काही वापरून झालं. आता नवं साधन हाती आलं की मी एवढंच बघते: यामुळे मुलं एकमेकांचं ऐकून बोलतात का? खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

यंत्राचा दोष मुलांच्या माथी मारणं

माझी एक विद्यार्थिनी ऑनलाइन तासाला क्रियापदाच्या शेवटचा 'स' खायची. निदान मला तसं ऐकू यायचं. 'तू आब्लास', म्हणजे 'तू बोलतोस', याऐवजी 'तू आब्ला'. स्पॅनिशमध्ये हा एक 'स' गेला की कर्ता बदलतो. 'आब्ला' हे रूप 'तो', 'ती' किंवा आदरार्थी 'उस्तेद'चं, म्हणजे आपल्या 'आपण'चं. म्हणून मी तिला दर वेळी थांबवायचे. ती तेच वाक्य पुन्हा म्हणायची, आणि मी पुन्हा 'नाही' म्हणायचे. तीन आठवडे हे चाललं. मग एकदा वर्गात समोरासमोर भेटलो, तर तिचा 'स' अगदी ठसठशीत! गडबड तिच्या ब्लूटूथ हेडफोनची होती. मी तिची माफी मागितली, पण पुढे कितीतरी दिवस क्रियापद आलं की ती अडखळायची. ते मला अजून लागून राहिलं आहे.

यामागचं कारण समजून घ्या. ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की बरेच हेडफोन फोन कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाजाचा पट्टा अरुंद होतो, म्हणजे फार बारीक, उंच आवाज पलीकडे पोचत नाहीत. आवाजाची ही उंची हर्ट्झमध्ये मोजतात. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये तो साधारण ३४०० हर्ट्झपर्यंतच असतो. 'स'चा जोर बहुतांशी ४००० हर्ट्झच्या वर असतो, त्यामुळे नेमका तोच कापला जातो.

उपाय सोपे आहेत. वायरचा हेडफोन वापरायला सांगा किंवा निदान माइक लॅपटॉपचा निवडायला सांगा. मागचा गोंगाट काढून टाकणारी सेटिंग कमीत कमी ठेवा, कारण ती हळू उच्चारलेली अक्षरंही गिळते. तासाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडून 'लास कासास सोन आल्तास' हे एकच वाक्य म्हणवून घ्या. त्यात चार शब्दांपैकी तिघांच्या शेवटी 'स' आहे. शंका आली तर तेच वाक्य फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा आणि दोन्ही ऐकून बघा. आणखी एक: क्यूबा, पोर्तो रिको, आंदालुसिआ इथले लोक शेवटचा 'स' खरोखरच 'ह'सारखा सोडतात किंवा गाळतात. तिकडच्या माणसांकडून ऐकून शिकलेल्या मुलाची ती चूक धरू नका.

"बोला" एवढंच सांगून जोड्या पाडणं

झूमवर मुलांना दोघादोघांच्या खोल्यांत पाठवलं आणि 'सुट्टीबद्दल बोला' असं सांगितलं, की दोन मिनिटांत विषय संपतो. मग मुलं मातृभाषेत गप्पा मारतात किंवा आधी टाइप केलेला संवाद वाचतात. मी एका खोलीत शिरले तेव्हा एक मुलगा जोडीदाराचा प्रश्न संपायच्या आधीच उत्तर वाचत होता.

दोष मुलांचा नाही. त्यांना एकमेकांकडून काही हवंच नव्हतं. एकाला आठवड्याच्या वेळापत्रकाचा अर्धा भाग द्या, दुसऱ्याला उरलेला, आणि दोघांनी भेटायची वेळ ठरवून परत यायचं. असं काम दिलं की विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. पंधरा मिनिटांपेक्षा चार मिनिटं बरी. माझ्या अनुभवात तिघांचा गट दोघांपेक्षा टिकतो, कारण एकाचं नेट गेलं तरी बोलणं थांबत नाही.

शांतता म्हणजे येत नाही असं समजणं

माणसं बोलताना एकाचं थांबणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत फार थोडा वेळ जातो. जगातल्या दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही फट सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. इंटरनेटवरचा विलंबच कधीकधी तेवढा किंवा त्याहून जास्त असतो. त्यात परकी भाषा, म्हणजे शब्द शोधायला आणखी वेळ. शिक्षक अस्वस्थ होतो, स्वतःच उत्तर देऊन टाकतो, आणि मुलाचं तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच विरतं.

मी आता मनात पाच आकडे मोजते. मुलांना पहिल्याच आठवड्यात 'पुएस', 'आ बेर', 'बुएनो', 'एस्ते' हे वेळ काढायचे शब्द शिकवते. आपण 'म्हणजे', 'बघा', 'तर' म्हणतो तसेच हे. 'पुएस...' ऐकू आलं की समोरच्याला कळतं, उत्तर येतंय. हे शब्द पाठ्यपुस्तकात फार उशिरा येतात, याचं मला वाईट वाटतं.

घोटून घेतलेलं रेकॉर्डिंग

मुलं दहा वेळा रेकॉर्ड करून अकरावं पाठवतात, तेही वाचून. वेळ नव्वद सेकंदांची ठेवा, समोर फक्त पाच शब्दांचा कागद, आणि एकदाच बोलायचं. मग ते शिक्षकाला न पाठवता जोडीदाराला पाठवायचं, त्याने ऐकून एक प्रश्न विचारायचा. चुका एक-दोनच दाखवा.

इंग्रजीच्या वाटेने जाणं

भाषांतराच्या ॲपमध्ये मुलं इंग्रजी वाक्य टाकतात. इंग्रजीत 'तू' आणि 'आपण' एकच, त्यामुळे ॲपला अंदाज करावा लागतो आणि मुलं प्राध्यापकांनाही 'तू' म्हणून मोकळी होतात. मराठी मुलांच्या हाती तर किल्ली आधीच आहे. 'मे गुस्ता एल मार' म्हणजे 'मला समुद्र आवडतो'. 'मे गुस्तान लोस लिब्रोस' म्हणजे 'मला पुस्तकं आवडतात'. आवडणारी गोष्ट अनेकवचनी झाली की दोन्हीकडे क्रियापद बदलतं. इंग्रजीतून आलेला मुलगा इथे 'मी' हाच कर्ता धरून 'यो गुस्तो' म्हणतो. उच्चारातही तेच: स्पॅनिशचा 'त' हा आपला दंत्य 'त' आहे, 'ट' नाही.

चॅटबॉट तालमीला चांगला, पण तो तुटकं वाक्यही समजून घेतो. माणूस 'कोमो?', म्हणजे 'काय म्हणालास?', विचारतो, आणि तेव्हाच वाक्य दुरुस्त करायची सवय लागते. बोललेलं टाइप करून देणारं साधनही चुकीचा उच्चार अंदाजाने बरोबर शब्दात बसवतं. त्याने शब्द ओळखला म्हणून उच्चार बरोबर आला असं धरू नका.

घड्याळ

परदेशी विद्यार्थ्यांशी जोडी लावली असेल तर निमंत्रण त्यांच्या शहराच्या वेळेनुसार टाका. स्पेनमध्ये घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे करतात. मेक्सिकोने बहुतेक भागांत ही पद्धत २०२२ मध्ये बंद केली. कॉल अडखळला तर आधी कॅमेरे बंद करा, तरीही जमलं नाही तर साध्या व्हॉइस नोट पाठवा. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रत्येकाने जोडीदाराने काय सांगितलं तेवढंच सांगायचं, स्वतःचं काही नाही.