अन्नतंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण: सीमाभागातील विद्यार्थ्याने वाट कशी निवडावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील कृषी किंवा विज्ञान पदवीधर बहुधा आधी महाविद्यालय निवडतो आणि विषय नंतर शोधतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. आपल्याला नेमका कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे आणि मगच प्रवेशपुस्तिका हाती घ्यावी.

गुळाचेच उदाहरण घ्या. गुऱ्हाळातून मार्चमध्ये आलेला कोरडा, पिवळाधमक रवा (गुळाची ढेप) पावसाळ्यात ओला पडतो, कारण त्यातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हवेतील ओलावा ओढून घेतात. ऊस तोडल्यानंतर गाळपाला उशीर झाला की सुक्रोजचे विघटन होऊन या शर्करा वाढतात. रसाची आम्लता चुन्याने नीट सुधारली नाही तरी उकळताना तेच घडते. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, हे सारे पाकाच्या रंगावरून आणि तारेवरून ओळखतो, आणि त्याच्या त्या जाणकारीला मोजमापाची जोड देणे हे पदव्युत्तर प्रबंधाचे उत्तम काम आहे. बेळगावचा कुंदा टिकवणे, संकेश्वरी मिरचीची वाळवणी, खानापूरकडील काजूची प्रक्रिया हेही तितकेच जवळचे विषय आहेत.

प्रश्न ठरला की शाखा आपोआप स्पष्ट होते. पदार्थाचे रसायन व पोषण यांत रस असेल तर अन्नविज्ञान घ्यावे, आणि वाळवणी यंत्र किंवा साठवणगृह उभारायचे असेल तर प्रक्रिया व अन्न अभियांत्रिकी. दुसऱ्या शाखेसाठी सहसा कृषी अभियांत्रिकी किंवा अन्नतंत्रज्ञानाची अभियांत्रिकी पदवी लागते, म्हणून अर्जापूर्वी पात्रता तपासावी. फळे व भाजीपाल्याच्या काढणीपश्चात तंत्रज्ञानासाठी बागलकोटच्या उद्यान विद्यापीठाचा विचार करावा. त्याचे एक महाविद्यालय गोकाकजवळ अरभावी येथेच आहे. धारवाडचे कृषी विद्यापीठ जवळ आहे, परभणीचे अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय महाराष्ट्रातील या विषयाचे जुने केंद्र आहे आणि म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून याच क्षेत्रात काम करते. साखरेचाच ध्यास असेल, तर बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे.

प्रवेशाचे मार्ग वेगवेगळे आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून इतर राज्यांच्या विद्यापीठांतही जागा मिळते, म्हणून राज्याच्या सीमेवर राहणाऱ्याने ती सोडू नये. अभियंत्यांनी गेट ही अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा द्यावी. तिच्या गुणांची वैधता तीन वर्षे असते.

कागदपत्रांबाबत मात्र विशेष सावध राहावे. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील विद्यार्थ्यांसाठी तिकडे काही अभ्यासक्रमांना स्वतंत्र तरतूद आहे, पण ती आपल्या अभ्यासक्रमाला लागू होते का, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेतच वाचावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये. कल्याण कर्नाटकातील (पूर्वीच्या हैदराबाद-कर्नाटकातील) राज्यघटनेच्या कलम ३७१ (जे) चे स्थानिक आरक्षण बेळगाव जिल्ह्याला लागू नाही, त्यामुळे त्या भागातील रायचूरच्या कृषी विद्यापीठात अर्ज करताना ते गृहीत धरू नये. कन्नडमधील दाखल्यांचे प्रमाणित भाषांतर वेळेत करून ठेवावे.

कृषी विद्यापीठांतील एम.एस्सी.च्या ७० श्रेयांकांपैकी (क्रेडिट) ३० प्रबंधाचे असतात, म्हणून मार्गदर्शकाची निवड महाविद्यालयाच्या नावाइतकीच महत्त्वाची मानावी. त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत आणि प्रयोगशाळेत जलक्रियाशीलता (पदार्थातील मुक्त पाण्याचे प्रमाण दाखवणारे माप) मोजण्याचे उपकरण चालू स्थितीत आहे का, हे थेट विचारावे. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

गुऱ्हाळे दिवाळीच्या सुमारास पेटतात, तर प्रवेशप्रक्रिया कधीकधी तोवर चालू असते. पहिला हंगाम असा निसटू शकतो. म्हणून पहिल्याच सत्रात दोन-तीन गुऱ्हाळांशी बोलणे करून ठेवावे, आणि प्रत्येक नमुन्यासोबत उसाचे वाण, तोडणीची व गाळपाची वेळ आणि वापरलेला चुना यांची नोंद गुऱ्हाळावरच लिहून, नमुना हवाबंद डब्यात त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावा.