पाकिटावरचा उन्हाळा आपला नव्हे: कडक उन्हात फुलणारी हंगामी झाडं कशी निवडावीत, कशी वाढवावीत

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रोपवाटिकेत पाऊल टाकलं की पिटुनिया असा काही भरगच्च फुललेला दिसतो की हात आपोआप खिशाकडे जातो. माझाही गेला होता. जांभळ्या पिटुनियाच्या सहा कुंड्या आणून पश्चिमेच्या गॅलरीत मांडल्या. गुढीपाडव्यापर्यंत पानं पिवळी पडली, एप्रिलच्या मध्यावर कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या. पाणी मी रोज घालत होतो, खतही घातलं होतं. चुकली होती ती निवड.

पिटुनिया, फ्लॉक्स, व्हर्बिना ही सगळी मंडळी इंग्रजी पुस्तकांत उन्हाळी फुलं म्हणूनच येतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण लंडनमध्ये जुलैच्या दुपारी पारा सरासरी २३-२४ अंशांपर्यंत चढतो, तर पुण्यात तो जानेवारीतही ३० च्या घरात असतो. म्हणजे तिकडची भर उन्हाळ्यातली दुपार आपल्या हिवाळ्यातल्या दुपारीपेक्षाही थंड. म्हणून तिकडची उन्हाळी फुलं आपण ऑक्टोबरात लावतो, ती डिसेंबर-जानेवारीत फुलतात आणि मार्चमध्ये निरोप घेतात. रोपवाटिकेत जो बहर दिसतो तो शेवटचा असतो. विकणारा फसवत नाही, फक्त आपण विचारत नाही.

मग एप्रिल-मेमध्ये काय फुलतं? बरंच काही.

१. आधी ऊन मोजा, मग झाड निवडा

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ६ पर्यंत दर दोन तासांनी गॅलरीत किंवा वाफ्यापाशी डोकावा. कुठे किती वेळ ऊन येतं ते लिहून ठेवा. पूर्वेची गॅलरी उन्हाळ्यात सगळ्यात सोयीची: सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली. पश्चिमेला दुपारी दोननंतर जे ऊन येतं त्यात भिंतीची धगही मिसळते, आणि ती रात्री आठपर्यंत निघत राहते. गच्ची तर तव्यासारखीच तापते. तिथे कुंड्या थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवा.

चार तासांपेक्षा कमी ऊन असेल तर खाली सांगितलेल्या झाडांपैकी बहुतेक नुसती पानं काढत बसतील. तिथे फुलांचा हट्ट सोडून शोभेच्या पानांची झाडं लावलेली बरी.

२. आपल्या उन्हाळ्याची झाडं

ऑफिस टाइम. कुणी चिनी गुलाब म्हणतं, पाकिटावर पोर्टुलाका लिहिलेलं असतं. सकाळी नऊ-दहाला ऊन चढलं की फुलं उघडतात आणि दुपारनंतर मिटतात, म्हणून हे नाव. नोकरी करणाऱ्यांची पंचाईत अशी की ते स्वतः ऑफिसात असतानाच हा बहर होऊन जातो. रविवारीच काय तो बघायचा. हे मूळचं दक्षिण अमेरिकेचं झाड आपल्या घोळाच्या भाजीचं सख्खं भावंड आहे. पानं तशीच मांसल, पाणी साठवणारी. गॅलरीत पहिल्यांदाच काही लावणार असाल तर यानेच सुरुवात करा. बोटभर फांदी मोडून ओलसर मातीत खोचली की आठवड्याभरात मुळं धरते. शेजारणीकडून चार रंगांच्या चार फांद्या मागून आणा, बियाणं विकतच घ्यायला नको.

सदाफुली. खरं तर ही बहुवर्षायू, पण हल्लीच्या बुटक्या, मोठ्या फुलांच्या जाती हंगामी म्हणूनच लावतात. फूटपाथच्या फटीतून उगवणाऱ्या झाडाला उन्हाची काय भीती! ती मरते ती जास्त पाण्याने: खोड मातीलगत काळं पडतं आणि झाड एका दिवसात माना टाकतं. झाड विषारी आहे. कर्करोगावरची व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही औषधं याच्यापासूनच मिळाली, पण घरी पानं चघळण्याचे प्रयोग करू नका. कुंडी लहान मुलं आणि मांजरांपासून दूर ठेवा.

झिनिया. मूळ मेक्सिकोचा, त्यामुळे उन्हाशी याचं जुनं नातं. चार ते सात दिवसांत उगवतो आणि दोन-अडीच महिन्यांत फुलतो. फूल फुलदाणीत आठवडाभर टिकतं. २०१६ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात फुललेलं झाड झिनियाच होतं, तेव्हा आपल्या गॅलरीत न फुलायला त्याला सबब नाही. दोष एकच, भुरी. पानांवर पिठासारखे डाग पडतात. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत हा त्रास जास्त, म्हणून तिकडे दोन रोपांत फूटभर तरी अंतर ठेवा आणि पानांवर पाणी मारू नका.

गलांडा. फुलबाजारात हारवाले याच नावाने ओळखतात. मूळ नाव गेलार्डिया, मराठी जिभेने त्याचं गलांडा करून टाकलं. पिवळ्या-तांबड्या गोल फुलांचं हे झाड रोपवाटिकेत फारसं मानानं विचारलं जात नाही, कारण ते हारातलं, शेतातलं. मला मात्र वाफ्यासाठी याच्याइतकं भरवशाचं दुसरं सापडलेलं नाही. हलक्या जमिनीत, कमी पाण्यातही महिनोन्महिने फुलत राहतं, आणि देव्हाऱ्यातल्या रोजच्या फुलांची सोय होते ती वेगळीच.

गोंफ्रेना, म्हणजे बटनाचं फूल. कागदासारखं कोरडं, तोडून ठेवलं तरी रंग धरून राहतं. कोंबडा तर सगळ्यांच्या ओळखीचा. शेतातली कुर्डू ही त्याची रानातली बहीण. दोघंही ऊन मुकाट्याने सोसतात.

सूर्यफूल मुलांसाठी जरूर लावा. कुंडीत बुटकी जातच घ्या आणि कुंडी किमान १२ इंची. कोवळी कळी दिवसभर सूर्यामागे फिरते, पूर्ण उमललेलं फूल मात्र पूर्वेकडे तोंड करून थांबतं. त्यामुळे पूर्वेच्या गॅलरीत फुलं आपल्याकडे पाठ करतात, हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

पिवळा-केशरी कॉसमॉस शेवटी घेतला तो मुद्दाम. वाढवायला इतका सोपा की बी फेकलं तरी उगवतो, आणि नेमकी तीच अडचण आहे. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळा सरताना जे केशरी ताटवे दिसतात आणि ज्यांच्यापुढे लोक फोटो काढतात, तो हाच. तिथे तो स्थानिक गवतं आणि रानफुलांची जागा बळकावतो. बंद गॅलरीत लावा, बी धरण्याआधी फुलं खुडा. टेकडी, माळरान किंवा ओढ्याकाठी घर असेल तर लावूच नका.

विदर्भात, जिथे पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे यादी अजून आखूड करा: ऑफिस टाइम, सदाफुली, गोंफ्रेना. बाकीच्यांना मेमध्ये दुपारी हिरव्या जाळीची सावली लागेल.

३. पेरणी मकरसंक्रांतीनंतर

उन्हाळी फुलांची पेरणी उन्हाळ्यात करायची नाही. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा, म्हणजे ऊन तापायच्या आत मुळं खोल जातात. उशीर झालाच तर मार्चमध्ये तयार रोपं आणा, पण फुलांनी लगडलेली नको. कळ्या नुकत्या दिसू लागलेलं, बुटकं, दाट पानांचं रोप घ्या. पिशवी उलटी करून बघा. खालून मुळांचं जाळं बाहेर आलेलं असेल तर ते रोप बरेच दिवस पिशवीत अडकलेलं आहे.

बी किती खोल पेरायचं हे बियाण्यावर ठरतं. ऑफिस टाइमचं बी धुळीसारखं बारीक. चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून मातीवर भुरभुरवा आणि वर माती टाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. सदाफुलीचं नेमकं उलट: तिला अंधार हवा, म्हणून पाव इंच मातीने झाकून वर जाड कागद ठेवा आणि कोंब दिसताच काढा. गोंफ्रेनाचं बी रात्रभर भिजवलं तर उगवण सुधारते, तरी दहा-बारा दिवस धीर धरावा लागतो. झिनिया आणि सूर्यफूल शक्यतो थेट कायमच्या जागीच पेरा, कारण त्यांना उपटून लावणं मानवत नाही. सूर्यफुलाच्या बियांवर खारींचा डोळा असतो. कोंबाला चार पानं येईपर्यंत वर जुनी चाळण पालथी घाला.

४. माती, कुंडी आणि वाफा

कुंडीसाठी दोन भाग बागेची माती, दीड भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दीड भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट भिजवून, पिळून घ्या. शेणखत कच्चं असेल तर ते कुंडीतच तापतं आणि मुळं भाजतात. हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता मातीचा वास आला पाहिजे. नुसती काळी माती वापरू नका, उन्हात तिला भेगा पडतात आणि पाणी त्या भेगांतून सरळ खाली निघून जातं.

मातीची कुंडी माठासारखी आहे, पाझरते म्हणून गार राहते, पण म्हणूनच लवकर सुकते. प्लास्टिकची ओल धरते, पण काळ्या रंगाची असेल तर कडेची मुळं उकडतात. मी मातीची घेतो आणि बाहेरून चुना लावतो. दिसायला फार देखणी नाही, पण झाडाला त्याचं काय? १० इंची कुंडीत झिनियाची दोन रोपं, सदाफुलीची तीन. ऑफिस टाइमला उथळ पसरट कुंडी आणि पाच-सहा फांद्या.

जमिनीवर लावणार असाल तर गादीवाफा, म्हणजे माती उंच करून केलेला वाफा, करू नका. तो पावसाळ्यासाठी ठीक, उन्हाळ्यात सगळ्या बाजूंनी सुकतो. एक वीतभर माती खणून, चौरस मीटरला घमेलंभर शेणखत मिसळून सपाट वाफा करा आणि कडेने बोटभर उंच बांध घाला, म्हणजे पाणी आतच मुरेल. रोपं फूटभर अंतरावर. वर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला दोन इंच पसरा. हे आच्छादन केलं नाही तर बाकीच्या कष्टांपैकी अर्धे वाया जातात.

५. पाणी

सकाळी आठच्या आत, कुंडीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरवर शिंपडलेल्या पाण्याने मुळं वरच राहतात आणि दुपारी तीच आधी होरपळतात. मेमध्ये १० इंची कुंडीला लिटरभर तरी लागतं. संध्याकाळी बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तरच पुन्हा द्या. ऑफिस टाइम आणि सदाफुलीला संध्याकाळचं पाणी बहुधा लागत नाही.

दुपारी पानं मलूल दिसली की जीव कळवळतो, पण लगेच तांब्या उचलू नका. ऊन उतरल्यावर झाड आपोआप ताठ झालं तर ते तहानलेलं नव्हतं, फक्त पाणी राखत होतं. सकाळीही मलूल असेल तर मात्र काळजीचं. आणि गच्चीवर पाइप पसरलेला असेल तर त्यातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं. ते बादलीत सोडा, झाडावर नाही.

६. खुडणं, खत, कीड

झिनियाला चार-सहा पानं आली की शेंडा खुडा. मन होत नाही, पण एका शेंड्याच्या जागी चार फांद्या फुटतात. सूर्यफुलाचा आणि कोंबड्याचा शेंडा मात्र खुडायचा नाही, त्यांचं मुख्य फूल तिथेच येतं. सुकलेली फुलं दर दोन दिवसांनी काढा. हंगामी झाडाचा सगळा खटाटोप बी धरण्यासाठी असतो. ते साधलं की त्याचं फुलणं मंदावतं.

पंधरा दिवसांनी कुंडीला मूठभर गांडूळखत पुरे. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) द्यायचं तर लिटरला एक ते दोन ग्रॅम, तेही ओल्या मातीत. कॉसमॉसला खत नकोच, नाहीतर तो कमरेपर्यंत वाढतो आणि फुलत नाही.

उन्हाळ्याचा खरा शत्रू लाल कोळी. पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची दिसू लागली की खालची बाजू बघा; बारीक जाळं आणि हलणारे ठिपके दिसतील. कोरड्या गरम हवेत तो झपाट्याने वाढतो. तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. (भुरीमुळे झिनियाला पानावर पाणी नको म्हटलं ते दमट हवेत, देशावर कोरड्या मेमध्ये हरकत नाही.) मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी. दुपारी फवारलं तर पानं करपतात.

७. बी धरणं

मेच्या मध्यावर झिनिया आणि गलांड्याची सगळ्यात चांगली दोन-तीन फुलं झाडावरच सुकू द्या. तपकिरी झाली की काढून सावलीत आठवडाभर वाळवा, कागदी पाकिटात भरा आणि वर नाव, रंग, महिना लिहा. संकरित बियाण्याची झाडं असतील तर पुढच्या वर्षी रंग तसाच येईलच असं नाही.

मेअखेरीस रिकाम्या होत आलेल्या कुंड्यांत तेरड्याचं बी टाका. मृगाच्या पावसात रोपं वर येऊ लागतात.